भाजल्याच्या जखमा आणि प्रयोगशाळेतील प्राणी: एक विवेचन

मंडळीची सेवा करणाऱ्या पाळकाला किंवा धर्मशिक्षकाला जळित रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. कलंडलेले आधण, भडकलेला स्टोव्ह, पेटलेला पदर, उघडी पडलेली विजेची तार, यांपैकी कोणतेही एक कारण त्यास पुरेसे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांतील फार मोठा भाग गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतो. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना आखडलेला हात, विद्रूप झालेला चेहरा आणि लोकांच्या नजरा यांच्यासह पुढचे आयुष्य काढावे लागते.

अशा रुग्णावर जे उपचार केले जातात, म्हणजे शिरेवाटे द्यावयाचे द्रव, जखमेवरील मलम, ओलसर पट्टी, कृत्रिम त्वचा, त्यांपैकी बहुतेकांचा उगम शोधू गेल्यास आपण कोठल्या तरी प्रयोगशाळेतील एखाद्या प्राण्यापाशी येऊन पोहोचतो. हा प्राणी अपघाताने भाजलेला नसतो. त्याला मुद्दाम भाजलेले असते. हे वाचताना मनाला जो धक्का बसतो तो योग्यच आहे, आणि तो बसू नये असे सुचविण्याचा या लेखाचा हेतू नाही. तथापि, केवळ धक्का बसून भागत नाही. हे प्रयोग काय असतात, ते कशासाठी केले जातात, त्यांतून काय लाभले व कोठे फसगत झाली, हे समजून घेतल्यावाचून त्यांविषयी ख्रिस्ती विवेकाने बोलता येणार नाही.

लेखाचे प्रतिपाद्य प्रारंभीच सांगून ठेवतो. प्राण्याचे शरीर ज्या बाबतीत मानवी शरीरासारखे आहे, त्या बाबतीतल्याच प्रश्नाचे खरे उत्तर ते देऊ शकते. भलत्या प्राण्याला भलता प्रश्न विचारला, तर सत्यही हाती लागत नाही आणि जीवही व्यर्थ जातो. म्हणून या विषयात विज्ञानाची शिस्त आणि सदसद्विवेकाची शिस्त या दोन निराळ्या गोष्टी उरत नाहीत.

१. त्वचा भाजते म्हणजे काय होते?

मनुष्याच्या त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा, व तिच्याखालचा जाड, चिवट थर म्हणजे अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी या अंतस्त्वचेत असतात. केवळ बाह्यत्वचा भाजली तर काही दिवसांत ती पूर्ववत होते. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतात, वेदना अतिशय होतात; परंतु केसांच्या मुळांशी जिवंत राहिलेल्या पेशींपासून नवी बाह्यत्वचा पसरते व जखम साधारणतः दोन-तीन आठवड्यांत भरून येते. त्वचेची संपूर्ण जाडी जळाली तर मात्र नवी त्वचा उगवण्यास आधारच उरत नाही. मग त्वचारोपण करावे लागते, किंवा कडेकडून आखडत येणाऱ्या जखमेचा मोठा चट्टा पत्करावा लागतो.

बर्मिंगहॅम येथील शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे वर्णिले, आणि ते वर्णन आजही शिकविले जाते. मध्यभागी पूर्णपणे मेलेला भाग असतो. सर्वांत बाहेर लालसर झालेला, पण हमखास बरा होणारा भाग असतो. या दोहोंच्या मध्ये असा एक पट्टा असतो की जेथील रक्तप्रवाह मंदावलेला आहे, परंतु ऊती अद्याप मेलेल्या नाहीत. पुढील एकदोन दिवसांत हा मधला पट्टा तगेल किंवा मरेल. भाजल्याच्या उपचारांचे पुष्कळसे प्रयत्न या अधांतरी असलेल्या पट्ट्याला वाचविण्यासाठीच असतात.

आता अडचण लक्षात यावी. रुग्णालयात येणारे कोणतेही दोन जळित रुग्ण सारखे नसतात. एक तेलाने पोळलेला, दुसरा ज्वालेने भाजलेला. एक बालक, दुसरा वृद्ध. एक तासाभरात आलेला, दुसरा दोन दिवसांनी. एखादा उपचार गुणकारी आहे की नाही हे ठरवावयाचे, तर सारख्या खोलीच्या, सारख्या आकाराच्या व सारख्या वेळी झालेल्या जखमा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. मनुष्याला मुद्दाम अशा जखमा करणे अर्थातच निषिद्ध होय. त्यामुळे संशोधक प्राण्यांकडे वळले. मानवी आजाराची किंवा इजेची अशी जी नियंत्रित प्रतिकृती प्राण्याच्या शरीरात निर्माण करतात, तिला प्राणिप्रतिमान असे म्हणतात.

२. कोणत्या प्रश्नाला कोणता प्राणी?

प्रयोगशाळेत सर्वांत अधिक वापरले जातात ते उंदीर. ते लहान असतात, त्यांचा खर्च कमी येतो व एकाच वंशातील पुष्कळ उंदीर मिळू शकतात. १९६८ साली वॉकर आणि मेसन या अमेरिकन संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. भूल दिलेल्या उंदराला ठराविक मापाची खिडकी असलेल्या साच्यात ठेवावयाचे, आणि त्या खिडकीतून उघडी राहिलेली त्वचाच तेवढी उकळत्या पाण्यात मोजक्या सेकंदांपुरती बुडवावयाची. यामुळे शरीराचा किती भाग भाजला हे नेमके ठरविता येऊ लागले आणि एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीच्या निष्कर्षांशी ताडून पाहणे शक्य झाले. १९९२ साली रेगास व एर्लिक यांनी पितळेचा चार दात्यांचा फणीसारखा ठसा वापरला. तापविलेल्या दात्यांखालची त्वचा मरते, आणि दोन दात्यांमधल्या फटींत जॅक्सन यांनी वर्णिलेला अधांतरी पट्टा तयार होतो. तो वाचतो की मरतो हे पाहून औषधाची परीक्षा करता येते.

परंतु उंदराच्या त्वचेत आणि आपल्या त्वचेत एक मूलभूत भेद आहे. उंदराची कातडी शरीरावर सैल असते व तिच्याखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो. मनुष्याच्या शरीरात त्या थराचे अवशेषच काय ते राहिले आहेत. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. मनुष्याची जखम बव्हंशी नवी त्वचा पसरून भरते. एखादी जखम किती लवकर मिटली एवढेच उंदरात पाहिले, तर औषधाच्या गुणाचे मोजमाप होते की कातडीच्या आकसण्याचे, हे सांगता येत नाही.

या दृष्टीने मनुष्याला अधिक जवळचा प्राणी म्हणजे डुक्कर. मोशेच्या नियमशास्त्राने ज्याला अशुद्ध गणले, त्याच प्राण्याची त्वचा आपल्या त्वचेशी अधिक मिळतीजुळती निघावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. डुकराची बाह्यत्वचा मानवी बाह्यत्वचेइतकीच जाड असते, केस विरळ असतात, त्वचा खालच्या थरांना घट्ट चिकटलेली असते, आणि जखम प्रामुख्याने नवी त्वचा पसरून भरते. फरकही आहेत, घामाच्या ग्रंथींची रचना व अंतस्त्वचेतील रक्तपुरवठा या बाबतींत डुक्कर आपल्यासारखे नाही. जखमांच्या उपचारांविषयीचे पूर्वीचे अभ्यास एकत्र करून २००१ साली सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी तुलना केली. तेव्हा डुकरांवरील निष्कर्ष मानवांवरील निष्कर्षांशी ७८ टक्के, लहान प्राण्यांवरील निष्कर्ष ५३ टक्के, व काचपात्रातील पेशींवरील निष्कर्ष ५७ टक्के जुळले असे त्यांना आढळले. म्हणजे डुकराची साक्षही शंभर टक्के ग्राह्य नाही, आणि लहान प्राण्यांची साक्ष तर नाणेफेकीहून फारशी बरी म्हणता येत नाही.

चट्ट्यांचा अभ्यास आणखी कठीण आहे. भाजल्यानंतर माणसाच्या अंगावर जे जाड, लाल, खाजणारे वण उठतात, तसे बहुतेक प्राण्यांत उठतच नाहीत. त्यासाठी ड्युरॉक जातीची तांबडी डुकरे आणि सशाच्या कानाच्या आतील बाजूवरील जखमा यांचा उपयोग करण्यात आला. जखमेची सीमा ओलांडून वाढणारा, ज्याला केलॉइड म्हणतात तो वण तर मनुष्यावाचून इतर प्राण्यांत आपोआप उद्भवत नाही. येथे प्राण्याची साक्षच संपते.

३. या प्रयोगांतून काय लाभले?

भाजण्यासाठी किती उष्णता किती वेळ लागते, हा पहिला प्रश्न होता. हार्वर्ड येथे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी मुख्यतः डुकरांवर प्रयोग करून १९४७ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्वचा ४४ अंश सेल्सिअसला सुमारे सहा तासांनी भाजते. ६० अंशांना मात्र काही सेकंद पुरेसे असतात. अंघोळीच्या पाण्याचे सुरक्षित तापमान ठरविण्याचे नियम या कामावर आधारलेले आहेत.

दुसरा प्रश्न रुग्ण पहिल्या दोन दिवसांत का दगावतो, हा. भाजलेल्या शरीरातील रक्तद्रव वाहिन्यांतून पाझरून ऊतींत उतरतो व रक्ताभिसरण कोलमडते. डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर व टॉम शायर्स यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून व नंतर रुग्णांवरील निरीक्षणांतून द्रवाचे प्रमाण निश्चित केले आणि १९६८ साली ते प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या वजनाचे किलो गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी गुणिले चार, इतके मिलिलिटर द्रव पहिल्या चोवीस तासांत द्यावयाचे. ५० किलो वजनाचा मनुष्य ३० टक्के भाजला असेल, तर हे प्रमाण ६,००० मिलिलिटर होते. त्यातील निम्मे भाजल्याच्या क्षणापासून पहिल्या आठ तासांत द्यावयाचे असते. जिल्हा रुग्णालयातील तरुण डॉक्टर आजही याच सूत्राने आरंभ करतो, आणि पुढे लघवीचे प्रमाण पाहून ते कमीजास्त करतो.

तिसरा प्रश्न जंतुसंसर्गाचा. पहिले दोन दिवस तरलेला रुग्ण पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी का जातो? सॅन अँटोनिओ येथील अमेरिकन लष्कराच्या शस्त्रक्रिया संशोधन पथकात कार्ल टेप्लिट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली भाजलेल्या उंदरांत दाखवून दिले की, स्यूडोमोनास नावाचे जंतू प्रथम मेलेल्या त्वचेत वाढतात, तेथून खालच्या जिवंत ऊतींत घुसतात, आणि मग सर्व शरीरभर पसरतात. ही गोष्ट कळल्यावर जखमेवरच जंतुनाशक लावण्याचे महत्त्व पटले. चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या उंदरांवर पारखलेले सिल्व्हर सल्फाडायझीन १९६८ साली पुढे आले, आणि ते पांढरे मलम आपल्या देशातील जवळजवळ प्रत्येक जळित विभागात पोहोचले.

चौथा प्रश्न पट्टीचा. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, खपली धरू द्यावी, हा समज सर्वत्र रूढ होता. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवरील उथळ जखमांपैकी काही प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. या जखमा भाजल्याच्या नव्हत्या, परंतु त्यातील तत्त्व पुढे भाजल्याच्या उपचारांतही आले.

या तत्त्वाचा एक धागा आपल्या प्रदेशापर्यंत येतो. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांचे सहकारी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली व १९८५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. महागड्या परदेशी पट्ट्या परवडत नाहीत अशा रुग्णाची जखम ओलसर राहावी व पट्टी काढताना कातडी सोलली जाऊ नये, हा तिचा गुण होता. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाचा उपयोग रुग्णांवर करून १९९१ साली त्याची सिल्व्हर सल्फाडायझीनशी तुलना प्रसिद्ध केली. या दोन्ही उदाहरणांत निर्जंतुक केलेली किंवा शुद्ध सामग्री, वैद्यकीय देखरेख व पूर्वी लाभलेले शास्त्रीय ज्ञान यांचा मेळ होता. घरातील बरणीतला मध ताज्या भाजल्यावर फासणे ही गोष्ट त्याहून सर्वस्वी निराळी आहे, हे मंडळीत आवर्जून सांगितले पाहिजे.

पाचवा लाभ कृत्रिम त्वचेचा. बोस्टन येथील शल्यविशारद जॉन बर्क आणि अभियंते इयानिस यानास यांनी गाईगुरांच्या स्नायुबंधातील कोलॅजेन व शार्क माशाच्या कूर्चेतील एक पदार्थ यांपासून सच्छिद्र पापुद्रा बनविला. गिनीपिगांवरील प्रयोगांत त्यांना आढळले की, या पापुद्र्यामुळे जखमेचे आकसणे लांबते आणि त्याच्या जाळीत नवी अंतस्त्वचा तयार होते. १९८१ साली दहा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. येथे आकसून मिटणाऱ्या प्राण्याचीच निवड उपयोगी पडली, कारण आकसणे कसे थांबवावे हाच मूळ प्रश्न होता. योग्य प्रश्न आणि योग्य प्राणी म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण होय.

४. साक्ष कोठे अपुरी पडली?

लाभाची बाजू सांगितल्यावर तोट्याची बाजू झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने भाजणे, अपघाती इजा व जंतुविष या तीन अवस्थांत मनुष्याच्या आणि लहान उंदराच्या जनुकांचा प्रतिसाद ताडून पाहिला. मनुष्या-मनुष्यांत साम्य आढळले. परंतु उंदराचा प्रतिसाद मनुष्याशी जवळजवळ जुळतच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी निराळ्या रीतीने तपासली आणि साम्य पुष्कळ आहे असे प्रतिपादिले. एकाच आकडेवारीतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघू शकतात, ही घटना आपणांस नम्रता शिकविणारी आहे. प्राणिप्रतिमान हे आरशासारखे नसून भिंगासारखे असते. ते कोठे व कसे धरले यावर काय दिसेल ते अवलंबून राहते.

सिल्व्हर सल्फाडायझीनचीही गोष्ट अशीच बोधप्रद आहे. जंतू मरतात काय, या प्रश्नाला भाजलेल्या उंदराने खरे उत्तर दिले. परंतु जखम लवकर भरते काय, हा प्रश्न निराळा होता. रुग्णांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, उथळ जखमांच्या बाबतीत हे मलम कित्येक नव्या पट्ट्यांहून मागे पडते, असे दिसून आले.

उलट दिशेचेही उदाहरण देणे न्याय्य ठरेल. डेट्रॉइट येथील एडवर्ड डेव्हिडसन यांनी १९२५ साली भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत पुढे आणली. जखमेवर चामड्यासारखे कवच धरत असल्याने ती सर्वत्र पसरली. त्या आम्लाचा यकृतावर होणारा घातक परिणाम १९४० नंतर लक्षात आला आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. तोवर पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. प्राण्यावर पारख न करता केलेल्या उपचाराची किंमत कोणी तरी मोजतोच. बहुधा ती रुग्ण मोजतो.

५. वेदना, कायदा आणि पर्याय

भाजणे ही तीव्र वेदना देणारी इजा आहे. म्हणून या प्रयोगांत जखम करताना पूर्ण भूल देणे आणि नंतर वेदनाशामके देणे आवश्यक मानले जाते. संपूर्ण जाडीच्या जखमेत मज्जातंतूंची टोके जळून गेल्यामुळे वेदना कमी होते, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. तो अर्धसत्य आहे, कारण जखमेच्या कडा जिवंत असतात व दुखतात. दुसरीकडे, काही वेदनाशामके दाहावर किंवा रोगप्रतिकारावर परिणाम करून प्रयोगाचे निष्कर्षच बदलू शकतात. संशोधकापुढील हा पेच खरा आहे, पण प्राण्याला दुखत ठेवणे हा त्याचा उलगडा होऊ शकत नाही.

विल्यम रसेल व रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली, आणि ती आता जगभर मान्य आहेत. शक्य असेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे. प्राणी वापरावाच लागला तर कमीतकमी संख्येने वापरावा. आणि जो वापरला जातो त्याचे क्लेश कमीतकमी राहतील अशी पद्धत स्वीकारावी. पहिल्या तत्त्वाच्या दिशेने बरीच प्रगती झाली आहे. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ साली मानवी बाह्यत्वचेच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची रीत शोधून काढली. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली मानवी त्वचा काही दिवस जिवंत ठेवून तिच्यावरही चाचण्या करता येतात. परंतु अशा त्वचेला रक्ताभिसरण नसते. रक्तप्रवाह मंदावलेला अधांतरी पट्टा तीत निर्माणच होत नाही, द्रव पाझरत नाही, आणि सहा आठवड्यांनी चट्टा कसा दिसेल हेही कळत नाही. या मर्यादेमुळेच प्राण्यांचा वापर अद्याप संपलेला नाही.

आपल्या देशात १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने असे प्रयोग सरसकट निषिद्ध ठरविले नाहीत, पण त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची तरतूद केली. इतर मार्ग उपलब्ध असेल तर प्राणी टाळावा, मोठे प्राणी टाळून लहान प्राण्यांनी भागत असेल तर तसे करावे, पुरेशी भूल द्यावी, अशी दिशा तो कायदा देतो. पुढे १९९८ च्या नियमांनी संस्थांच्या नीतिसमित्यांना निश्चित स्वरूप आले. या समितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्याबरोबर विज्ञानक्षेत्राबाहेरील, सामाजिक जाणीव असलेल्या एका व्यक्तीचा समावेश असतो. वाचकांनी या जागेकडे लक्ष द्यावे. ती शोभेसाठी ठेवलेली नाही. 'हा प्रयोग का करावयाचा, आणि याच प्राण्यावर का?' हा साधा प्रश्न विचारण्यासाठी ती आहे. वैद्यकीय किंवा औषधनिर्माण महाविद्यालय जेथे आहे अशा शहरातील सुविद्य धर्मसेवकास असे निमंत्रण आले, तर त्याने ते टाळू नये.

६. ख्रिस्ती विचाराची दिशा

पवित्र शास्त्रात प्रयोगशाळेचा उल्लेख नाही. तथापि पशूविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख वारंवार येतो. शब्बाथाची विश्रांती बैलाला व गाढवालाही आहे. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधण्यास मनाई आहे. आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हे नीतिमानाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस, विहिरीत पडलेला बैल वर काढण्याचा दाखला देऊन प्रभूने शब्बाथदिवशी मनुष्याला बरे करण्याचे समर्थन केले. पशूची दया आणि मनुष्याची दया यांना त्याने एकमेकींच्या विरुद्ध उभे केले नाही. एकीवरून दुसरीकडे नेले.

या पायावर मंडळीच्या विचारवंतांत एकमत झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅथॉलिक मंडळीच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने मानवी प्राण वाचविण्यास हातभार लावणारे प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत ग्राह्य मानले आहेत, आणि त्याचबरोबर प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असे बजावले आहे. अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ अँड्र्यू लिन्झी यांनी मात्र १९७६ पासून अशी भूमिका मांडली आहे की, प्राणी हे देवाचे आहेत, त्यांचे हक्क देवाच्या हक्कात सामावलेले आहेत, आणि मानवी लाभ हे त्यांना क्लेश देण्यास पुरेसे कारण नव्हे. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे एक सूत्र तरी निश्चित आहे. प्रभुत्व म्हणजे कारभारीपण. आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. ज्या प्रयोगाचा हिशेब देता येत नाही, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, ज्यासाठी निवडलेला प्राणी उत्तर देण्यास असमर्थ आहे, किंवा ज्याचा निष्कर्ष पुढे कोणाच्याही उपयोगी पडणार नाही, तो प्रयोग वाजवी मर्यादेबाहेर गेला असे म्हटले पाहिजे.

प्रयोगशाळेत काम करणारा एखादा तरुण किंवा तरुणी मनातील अस्वस्थता घेऊन आपल्याकडे आली, तर तिला पापी ठरवून परत पाठवू नये, किंवा 'एवढे काय त्यात' असे म्हणून तिची अस्वस्थताही पुसून टाकू नये. ती अस्वस्थता प्राण्याच्या बाजूने बोलणारा त्या खोलीतील बहुधा एकमेव आवाज असते.

७. मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग

हिशेबाची दुसरी बाजू आपल्याकडे येते. प्राण्यांच्या क्लेशांतून मिळालेले ज्ञान न वापरणे हाही अपव्ययच होय, आणि त्याचे दायित्व शास्त्रज्ञांवर टाकता येणार नाही.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे लीला कटल आणि त्यांचे सहकारी यांनी डुकरांवरील जखमांवर प्रथमोपचाराच्या पद्धती पारखल्या. त्यांच्या २०१० च्या निष्कर्षानुसार, १५ अंशांचे वाहते पाणी भाजल्याबरोबर २० मिनिटे लावल्यास पहिल्या दोन आठवड्यांत नवी त्वचा अधिक चांगली पसरते व सहा आठवड्यांनी चट्ट्याची ऊती कमी आढळते. पाणी १० मिनिटेच लावले, किंवा तासाभराने लावले, तरी काही लाभ होतो. त्याच गटाने २००८ साली कोरफड, टी-ट्री तेल व लाळ यांचीही परीक्षा केली. त्यांनी त्वचेचे तापमान उतरले, पण जखम भरण्यास किंवा चट्टा सुधारण्यास मदत झाली नाही. डुकराने दिलेली ही साक्ष पुढे लेकरांत खरी ठरली. ब्रिस्बेन येथेच २,४९५ भाजलेल्या मुलांच्या नोंदी अभ्यासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, भाजल्यापासून तीन तासांच्या आत २० मिनिटे थंड वाहते पाणी मिळालेल्या मुलांत त्वचारोपणाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती.

आपल्या वस्त्यांत भाजलेल्या अंगावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, कणीक किंवा चुन्याची निवळी लावली जाते. रुग्णालयात ती खरवडून काढावी लागते, तेव्हा रुग्णाचे हाल दुप्पट होतात आणि जखमेची खोली कळणेही अवघड होते. म्हणून धर्मशिक्षकाने शब्बाथशाळेत, महिला मंडळात व घरभेटीत पुढील गोष्टी सांगाव्यात. पेट घेतला असल्यास जमिनीवर लोळवून वा जाड कापडाने ज्वाला विझवावी. नंतर साधे, स्वच्छ पाणी २० मिनिटे वाहू द्यावे. नळ नसल्यास तांब्याने सावकाश ओतत राहावे. बर्फ लावू नये. अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. अंगाला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. लहान मूल असल्यास न भाजलेले अंग झाकून उबदार ठेवावे. जखमेवर स्वच्छ कापड सैलसर टाकून रुग्णालय गाठावे.

या सूचनांत खर्च कशाचाच नाही. लागतो तो वेळ, वीस मिनिटांचा. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याने आपल्या काळी ठाऊक असलेला उत्तम उपचार केला. आपल्या काळी ठाऊक असलेला उत्तम पहिला उपचार म्हणजे हे पाणी होय. तो ज्यांच्याकडून शिकावयास मिळाला ते प्राणी मुके होते, आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. एखाद्या घरातील आई भेदरून टूथपेस्टची नळी शोधू लागते, त्या क्षणी तिच्या हाती पाण्याचा तांब्या देणारा कोणी तरी तेथे असावा, इतकी तयारी प्रत्येक मंडळीने येत्या हिवाळ्यापूर्वी करून ठेवावी.